ताळा



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांच्या हाताखाली मी आठवी ते दहावी अशी तीन वर्षं गणित शिकले. त्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेवर आहेच. माझ्या तोंडात मात्र 'सर' एवढंच बसलं आहे, तेव्हा आजही मी तेवढंच म्हणेन. गणित सोडवून वही पुढे नेली की सर उत्तराकडे बघायचेच नाहीत. 'ताळा पाहिलास?' एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की वही परत. हो म्हटलं तरी बऱ्याचदा वही परतच, कारण आम्ही खोटं बोलतोय हे त्यांना आमच्या चेहऱ्यावरून कळायचं. त्या वयात मला या प्रकाराचा फार राग यायचा. उत्तर बरोबर की चूक, एवढं सांगायला यांचं काय जातं, असं वाटायचं.

पुढे मी स्वतः एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. सरांच्या त्या दोन शब्दांत काय होतं ते मात्र मला निवृत्तीनंतर उमगलं, आणि तेही नववीतल्या एका मुलीमुळे. आज मला तिच्याविषयी बोलायचं आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. तिच्या आईची परवानगी घेऊन बोलते आहे.

२०२३ सालचा जून. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. कराडच्या मंडईत मी ज्यांच्याकडून कित्येक वर्षं भाजी घेते, त्यांच्या शेजारी त्या दिवशी त्यांची मुलगी बसली होती. मी पावणेदोन किलो टोमॅटो आणि अडीच किलो कांदे घेतले. टोमॅटो २८ रुपये किलो, कांदे १८. दोनशेची नोट पुढे केली. मुलीने पारड्यातले कांदे माझ्या पिशवीत ओतता ओतता 'एकोणपन्नास, पंचेचाळीस, चौऱ्याण्णव' असं पुटपुटून एकशे सहा रुपये माझ्या हातावर ठेवले. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. मी कौतुकाने तिच्या आईला म्हटलं, 'गणितात पहिली येत असेल की हो ही.'

आईचा चेहरा उतरला. 'कशाची पहिली, बाई. गणितातच बसतीया. बाकी सगळं बरं हाय. गणिताचा पेपर आला की हिच्या पोटात दुखाय लागतंय. तुमी गणिताच्याच बाई न्हवं? बघा की जरा हिच्याकडं.'

मुलगी मान खाली घालून कांद्याची टरफलं वेचत राहिली.

सोमवारपासून ती संध्याकाळी साडेसहाला माझ्याकडे येऊ लागली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम कागदावर ७/४ × २८ असं लिहून दिलं. तिने सात अठ्ठे छप्पन केलं, खोडलं. अठ्ठावीसच्या खाली चार मांडला, खोडला. कागदाला भोक पडायची वेळ आली. डाव्या हाताचा आडोसा करून ती लिहीत होती, मला दिसू नये म्हणून. दहा मिनिटं गेली. मी म्हटलं, 'पावणेदोन किलो टोमॅटो, अठ्ठावीस रुपये किलो. किती झाले?' तिने वर न बघता सांगितलं, 'एकोणपन्नास.' कसे, विचारलं. 'दोन किलोचे छप्पन. पाव कमी, सात गेले.' मग मी ७/४ या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, 'हेच पावणेदोन.'

ती त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग जवळजवळ रागाने म्हणाली, 'मग तसं सांगायचं की, बाई!'

श्रोतेहो, तो राग माझ्यावर नव्हता. आठ वर्षं शाळेत जाऊन, रोज संध्याकाळी मंडईत अपूर्णांकांचे गुणाकार करणाऱ्या मुलीला हे दोन हिशेब एकच आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं, याचा तो राग होता, आणि तो रास्त होता.

असं एकट्या तिच्याच बाबतीत झालेलं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफ शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाडीवर अचूक हिशेब करणारी मुलं तेच हिशेब कागदावर मांडून दिले की अडत होती. आपल्याकडे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या सुमारे चौदाशे मुलांना असंच तपासलं. तो अभ्यास 'नेचर' नियतकालिकात २०२५च्या फेब्रुवारीत आला. बाजारातली मुलं शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडली हे तर दिसलंच. पण उलट बाजूही दिसली: शाळेत नियमित जाणारी, वजाबाकी-भागाकार कागदावर करणारी मुलं बाजारातल्या साध्या हिशेबात अडखळली. म्हणजे ज्ञान दोन्हीकडे आहे, मधला पूल नाही.

आपल्याकडे हा पूल एकेकाळी होता. जुन्या गावठी शाळांतून मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा घोकायची. औट म्हणजे साडेतीन, साडेतीनचा पाढा. तिन्हीसांजेला परवचा म्हणताना हे सगळं तोंडातून जायचं. त्या घोकंपट्टीचे गोडवे मी गाणार नाही, तिच्यात छडीही होती. पण ज्या मुलाला पाऊणकी येत होती त्याला ३/४ हा परका आकडा नव्हता. आपण पाढे टाकले ते टाकले, आणि त्यांच्याबरोबर पावणेदोनचं ७/४शी असलेलं नातंही टाकून दिलं. मंडईने मात्र ते सोडलं नाही.

शिवाय मराठी आकड्यांच्या नावांतच मुलांना अडवणाऱ्या जागा आहेत. 'एकोणसाठ' म्हटलं की कानाला साठ ऐकू येतो आणि मूल ६९ लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वादळ उठलं. ते पुस्तक करणाऱ्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर, स्वतः संख्यांच्या सिद्धांतात संशोधन केलेल्या गणिती. त्यांची खूप टिंगल झाली. मला ती तेव्हाही लागली होती आणि आजही लागते. 'एकोणसाठ' हा शब्द मला जीव की प्राण आहे, तो जाता कामा नये. पण जिन्याला एक पायरी जास्त लावली म्हणून जिना कुणी चोरत नाही. मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. ही मुलगी त्या वेळी माझ्याकडे नुकती यायला लागली होती, म्हणून ती तारीख लक्षात राहिली.

आता मुलीकडे परत येते.

पहिले दोन महिने मी तिला नववीचं काहीही शिकवलं नाही. तिच्या आईला याची काळजी वाटायची, शाळेत तर घटक चाचणी झाली होती आणि वीसपैकी तीन गुण पडले होते. पण मला ती नक्की कुठे अडते ते शोधायचं होतं. मूल 'गणितात कच्चं' आहे असं आपण म्हणतो तेव्हा आपण काहीच सांगत नसतो. डॉक्टरने 'पेशंट आजारी आहे' म्हणावं तसं ते आहे. या मुलीची अडण्याची जागा पाचवीत सापडली. १/२ + १/३ तिने २/५ असं केलं, वरच्यांची बेरीज वर आणि खालच्यांची खाली. चार वर्षं ती तसंच करत होती. वहीत लाल फुल्या पडत होत्या, फुली का पडली ते कळत नव्हतं.

मी तिला छेद समान करायला लगेच सांगितलं नाही. विचारलं, 'ताटात अर्धी भाकरी आहे. आईने वर तिसरा हिस्सा आणखी वाढला. आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी?' जास्त, म्हणाली. 'आणि तुझं दोन पंचमांश? ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?' तिने वहीच्या कोपऱ्यात एक गोल काढला, पाच भाग केले, दोन रंगवले. आणि मग तिचा हात थांबला. 'बाई, वाढली आणि कमी झाली?'

या वाक्यासाठी मी एकतीस वर्षं शिकवत होते असं मला त्या संध्याकाळी वाटलं. कारण उत्तर चुकलंय हे तिला माझ्याकडून कळलं नाही. ते तिच्या तिला, भाकरीवरून कळलं.

तिची दुसरी खोड जास्त चिवट होती. उदाहरण संपलं की ती वहीकडे बघायची नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघायची. 'बरोबर आलंय का, बाई?' माझी भुवई जरा हलली तर लगेच खोडरबर. बरोबर असलेलंसुद्धा ती खोडायची. भीतीने डोकं चालेनासं होतं असं आपण सहज म्हणतो, आणि ते शब्दशः खरं आहे. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली दाखवून दिलं की गणिताची धास्ती असलेल्या माणसाची, हिशेब करताना हाताशी लागणारी तात्पुरती स्मृती त्या धास्तीतच अडकून पडते. हातचा लक्षात ठेवायला जागाच उरत नाही. म्हणजे मुलाला येत असतं, पण ज्या क्षणी लागतं त्या क्षणी ती जागा 'चुकलं तर' या विचाराने भरलेली असते. अशा मुलाला 'घाबरू नकोस' म्हणून काही होत नाही. 'तू हुशार आहेस' म्हणूनही होत नाही. हुशार आहेस म्हटलं की आता हुशारी टिकवायची आणखी एक भीती वाढते.

मग मी सरांची आठवण काढली. खोडरबर काढून घेतलं. पेनाने लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि 'बरोबर आहे का' या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, असं सांगितलं. मी फक्त विचारेन: ताळा पाहिलास?

ती रडली. खरंच रडली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती आईबरोबर, आणि आईच्या हातात मेथीची जुडी होती. मी शिकवणीचे पैसे घेत नाही, त्यामुळे ही जुडी मला नाकारता येत नाही. आई म्हणाली, 'बाई, तुमी सांगायचंच न्हाई म्हणताय ते का?' मी म्हटलं, 'परीक्षेत मी शेजारी नसणार म्हणून.' आईला पटलं. मुलीला पटलं नव्हतं, पण ती बसली.

बेरजेचा ताळा वजाबाकीने, भागाकाराचा गुणाकाराने. मग नवाचा ताळा. ही फार जुनी गोष्ट आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराच्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धांता'त ती सापडते. ३४७ गुणिले २८, उत्तर ९७१६. ३, ४, ७ मिळून १४, त्याचे १ आणि ४ मिळून ५. दोन आणि आठ मिळून १०, म्हणजे १. पाच एके पाच. आता उत्तर: ९, ७, १, ६ मिळून २३, त्याचे ५. जुळलं. तिला ही जादू फार आवडली. आठ दिवसांनी तीच म्हणाली, 'बाई, पण ९७६१ लिहिलं असतं तरी पाचच आलं असतं.' बरोबर आहे. अंकांची अदलाबदल झाली तर नवाचा ताळा फसतो. ताळ्याचाही ताळा असतो, हे तिने मला न विचारता शोधलं.

ही तपासायची सवय शिकवण्यांत लागते का? आपण शिकवण्यांविषयी बोलतो तेव्हा बहुधा फीविषयी बोलतो. ते बोलणं आवश्यक आहे, पण आज मी त्यात फार शिरणार नाही. २०२२च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातली पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं पैसे भरून शिकवणीला जात होती. २०१८ साली हेच प्रमाण २६.४ टक्के होतं. २०२३ साली याच पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं, तेव्हा ते ४३.३ टक्के मुलांना जमलं. शिकवण्या वाढल्या, भागाकार अडलेलाच आहे. माझं मत विचाराल तर, ज्या शिकवणीत शंभर मुलं बसतात आणि पुढच्या फळ्यावरून अपेक्षित प्रश्नांची उत्तरं उतरवून घेतात, ती दुसरी शाळाच आहे, फक्त फी भरलेली. मुलाची अडण्याची जागा तिथेही कुणी शोधत नाही. त्याला तिथे उत्तर मिळतं. उत्तर मिळत राहिलं की विचारायची सवय लागते, तपासायची लागत नाही.

आणि नववी-दहावीपर्यंत मागे राहिलेलं मूल आता काय सुधारणार, हा समज तर सोडूनच द्यावा. शिकागोच्या सरकारी शाळांत नववी-दहावीच्या, बरीच मागे पडलेल्या मुलांना, दोन मुलांमागे एक शिकवणारा, अशी रोजची गणिताची तासिका दिली गेली. त्या मुलांची गणितातली प्रगती लक्षणीय होती. तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा संशोधकांनी त्याच्या नावातच म्हटलं, की अजून उशीर झालेला नाही. शिकवणारे पदव्यांनी मोठे नव्हते. पण दोन मुलांसमोर बसलं की कोण कुठे अडलंय हे न दिसणं अवघड असतं.

इथे मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली आहे. वर्गात साठाच्या वर मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. एक मुलगा सारखा चुकायचा. एक दिवस मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, 'गणित तुझ्या डोक्यात शिरायचं नाही, तू दुसरं काहीतरी बघ.' त्याने खरंच दुसरं बघितलं. दहावीला तो बसलाच नाही. तो पुढे बरा स्थिरावला, मला भेटला तेव्हा वाकून नमस्कार केला, आणि त्या नमस्काराने मला फार अपराधी वाटलं. त्याचंही १/२ + १/३ कुठेतरी होतं. मी शोधलं नाही. साठ मुलं होती हे कारण खरं आहे, पण ते वाक्य उच्चारायला मला साठ मुलांनी भाग पाडलं नव्हतं.

ही मुलगी दहावीत गेली. बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. यात ताळा अगदी हाताशी असतो: आलेल्या किमती समीकरणात घालून बघायच्या. मी दिलं होतं: ३क्ष + २य = २९ आणि ५क्ष − य = १८. तिने दुसऱ्याला दोनने गुणलं, बेरीज केली, १३क्ष = ६५, क्ष = ५. झरझर. मग ५क्षच्या जागी २५ घातले आणि य = −७ लिहिलं. मी गप्प. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पेन घेऊन पहिल्या समीकरणात किमती घातल्या. पंधरा वजा चौदा, एक. एकोणतीस यायला हवे होते. तिने ओठ आवळले. वरपासून एकेका ओळीवर पेनाचं टोक टेकवत खाली आली. एका ओळीवर थांबली.

'"वजा य" होता. मी "य"च लिहिला.'

एक आडवी रेघ. त्याखाली य = ७. पुन्हा किमती घातल्या: पंधरा आणि चौदा एकोणतीस, पंचवीस वजा सात अठरा. वही मिटली आणि पुढचं उदाहरण काढलं. मी खोलीत आहे हे ती त्या पाच मिनिटांत विसरली होती. सरांच्या दोन शब्दांत काय होतं म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, ते मी त्या पाच मिनिटांत पाहिलं. बरोबर-चूक ठरवायचा अधिकार ती माझ्या चेहऱ्यावरून उचलून स्वतःच्या वहीत घेऊन गेली होती.

२०२५च्या मार्चमध्ये तिने दहावीची परीक्षा दिली. गणिताच्या दोन पेपरांत मिळून ८० पैकी ४३ गुण. वर्तमानपत्रात नाव येण्यासारखे गुण नव्हेत. तिच्या आईने मंडईत पेढे वाटले. पेपरच्या दिवशी पोट दुखलं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, 'भूमितीच्या दिवशी थोडं.'

पण मला ज्यासाठी आज इथे उभं राहावंसं वाटलं, ती गोष्ट गुणांची नाही.

त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला कापरेकरांची गंमत दाखवली होती. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. विद्यापीठात जागा नाही, संशोधनाची मोठी पदवी नाही. शाळा सुटल्यावर संख्यांशी खेळत बसणारा माणूस. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनवरून, कारण ती कल्पना तिथे सुचली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर माहीत झाले. त्यांची ६१७४ ही संख्या आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा, आणि ६१७४ येतेच. आली की तिथून हलत नाही.

मुलीने आपलं जन्मसाल घेतलं, २००९. ९२०० वजा ००२९, ९१७१. मग ९७११ वजा ११७९, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तिला आनंद झाला, सगळ्यांनाच होतो. पण ती तिथे थांबली नाही. सवयीने तिने प्रत्येक उत्तराला नवाचा ताळा लावला. मग मान वर केली.

'बाई, प्रत्येकाची बेरीज अठराच का येते?'

ती माझ्याकडे यायला लागल्यापासून 'बरोबर आहे का'च्या ऐवजी 'का' असं तिने पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं नाही. नऊच्या पटीत का येते एवढं आम्ही बोललो: अंक तेच, फक्त जागा बदलल्या, त्यामुळे दोन्ही संख्यांना नऊने भागलं की बाकी सारखीच उरते आणि वजाबाकीत ती जाते. पण नऊच्या पटीत तर सत्तावीसही येतं. मग अठराच का?

आठवड्याने ती एक कागद घेऊन आली. 'बाई, एक सत्तावीस सापडला.' ५३३१ वजा १३३५, ३९९६. तीन, नऊ, नऊ, सहा, सत्तावीस. मग आणखी तीन-चार. 'मधले दोन अंक सारखे असले की सत्तावीस. नाहीतर अठरा.' मी म्हटलं, आता हे परीक्षा होईपर्यंत बाजूला ठेव. तिने ठेवलं, पण नाखुशीने.

परीक्षा संपली. एप्रिलच्या एका संध्याकाळी, शिकवणीचं काही कारण उरलं नसताना, साडेसहाला ती दारात. हातात तोच कागद, आता चांगला मळलेला. म्हणाली, पन्नासेक आकडे करून पाहिले, सगळीकडे तसंच येतंय. मी म्हटलं, 'आणि उरलेल्या हजारोंचं काय?'

'तेच म्हणते, बाई. आकड्यांनी हे संपायचं नाही. अक्षरं घ्यावी लागतील.'

बीजगणिताचं नाव काढलं की जिच्या पोटात दुखायचं, ती मुलगी आपणहून अक्षरं मागत होती. आम्ही जमिनीवर बसलो. अ, ब, क, ड, उतरत्या क्रमाने. खाली ड, क, ब, अ. एककाच्या घरात ड मधून अ जात नाही, दशकाकडून उसना घेतला: १० अधिक ड वजा अ. दशकात एक कमी झालेला, तोही शतकाकडून उसना: ९ अधिक क वजा ब. शतकात एक गेलेला: ब वजा क वजा १. हजारात अ वजा ड. तिने चारही एका ओळीत लिहून बेरीज केली. अ गेले, ड गेले, ब गेले, क गेले. दहा, नऊ, वजा एक. अठरा. ब आणि क सारखे असले तर शतकातही उसना घ्यावा लागतो, म्हणून तिथे वेगळं येतं. तेही तिने खाली वेगळं मांडलं आणि सत्तावीस काढले.

बाहेर अंधार पडला होता. तिला घरी जायला उशीर होत होता. मी कागद घडी करायला हात पुढे केला, तर तिने तो आपल्याकडे ओढला आणि अ, ब, क, डच्या जागी ९, २, ०, ० घातले. नऊ. दोन वजा शून्य वजा एक, एक. नऊ वजा दोन, सात. दहा वजा नऊ, एक. ९१७१ येतंय का ते तिने पाहिलं.

मी काही विचारलं नव्हतं.